पहिल्या पाच जागा, चार लेबलं: अमेरिकी गाण्यांचं १९६४ साल

'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने ४ एप्रिल १९६४ या तारखेला छापलेली 'हॉट हंड्रेड' ही यादी वरून वाचायला घेऊ. पहिलं 'कान्ट बाय मी लव्ह'. दुसरं 'ट्विस्ट अँड शाउट'. तिसरं 'शी लव्ह्ज यू'. चौथं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'. पाचवं 'प्लीज प्लीज मी'. पाचही गाणी बीटल्सची. खाली उतरत गेलं की ३१, ४१, ४६, ५८, ६५, ६८ आणि ७९ या क्रमांकांवर त्यांचीच आणखी सात सापडतात. शंभरात बारा. पुढच्या आठवड्यात हा आकडा चौदावर गेला.

ही गोष्ट संगीताच्या प्रत्येक इतिहासात असते आणि बहुतेक वेळा 'बीटल्सचं वेड' या दोन शब्दांत आटोपते. वेड होतंच, ते मी नाकारत नाही. पण यादीत गाण्याच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत तबकडी काढणाऱ्या लेबलाचं नावही छापलेलं असे. त्या पाच ओळींतली ती नावं क्रमाने अशी: कॅपिटॉल, टॉली, स्वॉन, कॅपिटॉल, व्ही-जे. पाच गाण्यांना चार लेबलं. गाणारे चौघं एकच, त्यांचा मूळ करार लंडनच्या एकाच कंपनीशी, आणि अमेरिकेत माल विकणारे मात्र एकमेकांचे प्रतिस्पर्धी. हे असं का झालं याचा माग काढला की पहिला क्रमांक म्हणजे नेमकं काय हे फार जवळून बघायला मिळतं. म्हणून हे प्रकरण.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बीटल्सना अमेरिकेने डोक्यावर घेतलं ते त्यांच्या गाण्यांमुळे. पण त्या एका आठवड्यात पहिल्या पाचही जागा त्यांच्याकडे गेल्या, त्याला कारण झाले त्याआधी वर्षभर एका मोठ्या कंपनीने दिलेले नकार. ती कंपनी वेळच्या वेळी 'हो' म्हणाली असती, तर हीच गाणी एकामागून एक आली असती आणि ही यादी घडलीच नसती.

नकार देणारी कंपनी होती हॉलिवूडची कॅपिटॉल. बीटल्स ज्या पार्लोफोन लेबलावर गात होते ते लंडनच्या ईएमआयचं, आणि ईएमआयने १९५५ मध्ये कॅपिटॉलही विकत घेतली होती. म्हणजे घर एकच. आपल्याकडची एचएमव्ही, ती कुत्र्याच्या चित्राची ग्रामोफोन कंपनी, हीसुद्धा ईएमआयच्याच कुटुंबातली. बीटल्सच्या भारतीय तबकड्या दमदमच्या कारखान्यात निघाल्या त्या याच नात्याने. नात्यामुळे ईएमआयची नवी गाणी अमेरिकेत काढायची की नाही हे ठरवायचा पहिला मान कॅपिटॉलचा होता, पण सक्ती नव्हती. बाहेरून आलेली गाणी ऐकून निवड करायचं काम तिथे डेव्ह डेक्स्टर या जुन्या जॅझप्रेमी माणसाकडे होतं. त्याने १९६३ मध्ये बीटल्सची एकामागून एक सिंगल्स, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, परत पाठवली. इंग्लंडचे गायक अमेरिकेत चालत नाहीत, हा त्या काळच्या धंद्यातला अनुभव होता आणि डेक्स्टर त्या अनुभवाला धरून वागला. मागे वळून त्याला हसणं सोपं आहे. त्याच्या टेबलावरचे आकडे त्याच्याच बाजूने होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

कॅपिटॉल नको म्हणते म्हटल्यावर ईएमआयच्या वतीने हक्क विकणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीने गिऱ्हाईक शोधलं, आणि ते मिळालं शिकागोला.

व्ही-जे ही कंपनी व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय जोडप्याने १९५३ मध्ये इंडियाना राज्यातल्या गॅरी गावात सुरू केलेली आणि मग शिकागोला नेलेली. ब्लूज, गॉस्पेल, डू-वॉप हे कृष्णवर्णीयांचे संगीतप्रकार हा तिचा मुख्य माल. १९६२ मध्ये फोर सीझन्स या बँडच्या 'शेरी'ने तिला पहिला क्रमांक मिळवून दिला होता आणि पाठोपाठ त्यांचीच आणखी दोन गाणी वर गेली होती. फेब्रुवारी १९६३ मध्ये व्ही-जेने 'प्लीज प्लीज मी' काढलं. त्या पहिल्या तबकड्यांचं लेबल डोळ्यांसमोर आणून पाहा: काळी गोल चकती, कडेने इंद्रधनुष्यी पट्टा, आणि त्यावर बँडच्या नावात इंग्रजी 'टी' हे अक्षर एकाऐवजी दोनदा. छापखान्यापासून दुकानापर्यंत कुणालाही ते खटकलं नाही, कारण नाव कुणाला माहीतच नव्हतं. शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवर डिक बियाँडी या डिस्क जॉकीने ते वाजवलं. देशपातळीवरच्या यादीत ते चढलं नाही. मे महिन्यात आलेलं 'फ्रॉम मी टू यू' शंभराच्याही खाली, ११६ पर्यंत जाऊन थांबलं. त्याच गाण्याची डेल शॅननने अमेरिकेत केलेली आवृत्ती ७७ पर्यंत पोचली. बीटल्समधल्या लेनन-मॅकार्टनी या जोडीचं 'हॉट हंड्रेड'मध्ये शिरलेलं पहिलं गाणं ते, आणि गळा मात्र शॅननचा.

व्ही-जेच्या तिजोरीत तोवर खडखडाट सुरू झाला होता. रॉयल्टीचे हिशेब वेळेवर पोचेनात. ऑगस्ट १९६३ मध्ये तिच्याशी केलेला करार रद्द झाल्याचं कळवण्यात आलं. त्याच महिन्यात इंग्लंडात 'शी लव्ह्ज यू' आलं, आणि तिथे ते इतकं विकलं गेलं की तो विक्रम पुढे १९७७ पर्यंत टिकला. हे गाणंही कॅपिटॉलने घेतलं नाही! मग फिलाडेल्फियाच्या स्वॉन या छोट्या लेबलाने ते १६ सप्टेंबर १९६३ ला काढलं. तीन महिने त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

१९६३ च्या हिवाळ्यातली अमेरिका बीटल्सना नाही म्हणत नव्हती. बहुतेकांनी त्यांना ऐकलंच नव्हतं. एक गाणं एका लेबलाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, कुणाकडेही जाहिरातीला पैसा नाही. गाणी तयार होती आणि दुकानांच्या मागच्या कप्प्यांत पडून होती. पुढे एप्रिलमध्ये फुटलेलं धरण हे असं भरत आलेलं.

बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन आता कॅपिटॉलचे अध्यक्ष ॲलन लिव्हिंगस्टन यांच्याकडेच गेला. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' काढायला कॅपिटॉल अखेर तयार झाली आणि जाहिरातीसाठी ४० हजार डॉलर बाजूला ठेवायचं ठरलं. एका नवख्या बँडसाठी ही रक्कम तेव्हा अवाढव्य होती. तारीख ठरली १३ जानेवारी १९६४.

ती तारीख पाळता आली नाही. १० डिसेंबरला सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांत वॉल्टर क्रॉन्काइटने इंग्लंडातल्या बीटल्स-वेडावरचा एक तुकडा दाखवला. केनेडींच्या हत्येला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. वॉशिंग्टनजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने तो तुकडा पाहिला आणि डब्ल्यूडब्ल्यूडीसी या रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं की अशी गाणी आपल्याकडे का लागत नाहीत? तिथल्या कॅरोल जेम्सने एका विमानसेविकेमार्फत लंडनहून तबकडी मागवली, त्या मुलीलाच केंद्रावर बोलावलं आणि १७ डिसेंबरला तिच्या तोंडून घोषणा करवून गाणं लावलं. फोन थांबेनात. इतर शहरांतल्या केंद्रांकडे टेप पोचू लागल्या. कॅपिटॉलने आधी वकिलामार्फत हे थांबवायचा प्रयत्न केला, मग शहाणपणाने तबकडी २६ डिसेंबरलाच बाजारात आणली. शाळांना नाताळची सुट्टी होती, मुलं दिवसभर घरी, कानाशी ट्रान्झिस्टर. तीन दिवसांत अडीच लाख प्रती संपल्या.

'हॉट हंड्रेड'मध्ये हे गाणं १८ जानेवारीच्या यादीत ४५ व्या क्रमांकावर आलं, २५ तारखेला तिसऱ्या आणि १ फेब्रुवारीला पहिल्या. ७ फेब्रुवारीला चौघं न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले, तेव्हा त्या विमानतळाला केनेडींचं नाव देऊन दीड महिनाच झाला होता. ९ तारखेला टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ते ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिले. विमान उतरायच्या आधीच गाणं अव्वल झालं होतं, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण टीव्हीने त्यांना वर नेलं असं पुष्कळदा सांगितलं जातं.

आता त्या मागच्या कप्प्यांकडे परत येऊ. स्वॉनकडे 'शी लव्ह्ज यू' पडून होतं. व्ही-जेने करार संपल्याची नोटीस मानली नाही आणि हाती असलेली जुनी ध्वनिमुद्रणं धडाधड बाजारात आणली: जानेवारीत आधी एक मोठी तबकडी, मग 'प्लीज प्लीज मी' नव्याने, आणि 'टॉली' नावाचं नवं उपलेबल उघडून त्यावर 'ट्विस्ट अँड शाउट'. कॅपिटॉल कोर्टात गेली. मनाईहुकूम निघत, उठत, पुन्हा निघत. आणि ज्या दिवशी हुकूम उठे त्या दिवशी व्ही-जेचे कारखाने रात्रभर चालत. सीमेपलीकडे कॅनडातल्या कॅपिटॉलने अमेरिकेत निघाली नव्हती ती गाणीही सिंगल म्हणून काढली होती. 'ऑल माय लव्हिंग' आणि 'रोल ओव्हर बेथोव्हन' या त्या कॅनडाच्या तबकड्या दुकानदारांनी सीमेपलीकडून इतक्या आणल्या की त्याही अमेरिकी यादीत चढल्या, ५८ व्या आणि ६८ व्या क्रमांकांवर.

४ एप्रिलची बारा गाणी मी वहीत लेबलाप्रमाणे मांडली. अमेरिकी कॅपिटॉलची चार, व्ही-जेची चार, टॉलीचं एक, स्वॉनचं एक, कॅनडाहून आलेली दोन. म्हणजे ज्या कंपनीकडे सगळीच्या सगळी असायला हवी होती तिच्याकडे एक तृतीयांश! शिवाय या बारांत मागच्या बाजूची गाणीही आहेत. 'फ्रॉम मी टू यू', जे वर्षापूर्वी ११६ वर अडकलं होतं, ते आता 'प्लीज प्लीज मी'च्या मागच्या बाजूला बसून ४१ व्या क्रमांकावर आलं. तेच गाणं, तीच कंपनी, तेच ध्वनिमुद्रण.

एकाच कंपनीच्या ताब्यात सगळं असतं तर कुठल्याही शहाण्या विक्री अधिकाऱ्याने एकाच बँडची इतकी सिंगल्स एकदम आणली नसती. एक गाणं उतरायला लागलं की दुसरं सोडायचं, हा साधा नियम. इथे तो पाळायला कुणी मालकच नव्हता. प्रत्येक लेबलाला एकच घाई होती, कोर्टाने दार बंद करायच्या आत माल खपवायचा.

'कान्ट बाय मी लव्ह' मात्र कॅपिटॉलने नीट तयारीने आणलं. आगाऊ मागणी वीस लाखांच्या वर होती आणि ते २७ वरून थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी एवढी उडी कुणी मारली नव्हती. ते पाच आठवडे तिथे राहिलं.

आणि इथे मला या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा भेटतो. वर्षअखेर 'बिलबोर्ड'ने १९६४ ची एकत्रित यादी छापली. त्यात पहिलं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड', दुसरं 'शी लव्ह्ज यू'. 'कान्ट बाय मी लव्ह', पाच आठवडे अव्वल राहिलेलं, ५२ व्या क्रमांकावर. आणि तिसऱ्या क्रमांकावर कोण? लुई आर्मस्ट्राँगचं 'हॅलो, डॉली!', जे फक्त एक आठवडा पहिलं होतं.

'हॅलो, डॉली!' आर्मस्ट्राँगने डिसेंबर १९६३ मध्ये गायलं होतं, एका येऊ घातलेल्या संगीत नाटकाच्या प्रसिद्धीसाठी. एक काम म्हणून गायचं आणि पुढच्या दौऱ्याला निघायचं, असा तो मामला. दौऱ्यावर लोक त्या गाण्याची फर्माईश करू लागले तेव्हा बँडमध्ये ते कुणाला धड आठवेना, असं त्याचा बेसवादक आर्वेल शॉ सांगत असे. तबकडीची प्रत मिळवून त्यांना आपलंच गाणं पुन्हा बसवावं लागलं. फेब्रुवारीपासून ते यादीत पायरी पायरी चढत राहिलं आणि बीटल्सच्या गाण्यांमागे थांबून राहिलं. ९ मे रोजी ते पहिल्या क्रमांकावर आलं, आणि बीटल्सचा सलग चौदा आठवड्यांचा मुक्काम तिथे संपला. आर्मस्ट्राँग तेव्हा ६२ वर्षांचा होता. एवढ्या वयाचा गायक त्याआधी कधी त्या जागी पोचला नव्हता.

ज्या वर्षाला आपण तरुण पोरांच्या बंडाचं वर्ष म्हणतो, त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या ट्रंपेटवाल्याने ते चौदा आठवड्यांचं कोंडाळं फोडलं, आणि तेही नाटकातल्या एका हलक्याफुलक्या गाण्याने. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते वडिलांच्या रेकॉर्डप्लेअरवर. सुई टेकली की आधी खरखर, मग बँजोची टिकटिक, आणि मग तो घोगरा, हसरा आवाज, जणू दारातून आत येता येताच गाणारा. त्या आवाजात घाई नाही. त्याचं यादीतलं चढणंही तसंच होतं, आणि वर्षाचा एकूण हिशेब झाला तेव्हा ते पाच आठवडे अव्वल राहिलेल्या गाण्याच्या कितीतरी वर निघालं, कारण ते लवकर आलं आणि बराच काळ टिकलं.

म्हणून मी म्हणतो की पहिला क्रमांक हे एका आठवड्याचं छायाचित्र असतं. त्या आठवड्यात बाजारात काय आलं, दुकानात काय पोचलं, कशाची जाहिरात झाली, हे सगळं त्या छायाचित्रात येतं. ऐकणाऱ्याच्या मनात काय टिकलं हे त्यात दिसेलच असं नाही.

ते छायाचित्र काढलं कसं जाई, हेही पाहायला हवं. 'हॉट हंड्रेड' सुरू झाली ४ ऑगस्ट १९५८ ला. निवडक दुकानदारांचे विक्रीचे अहवाल आणि रेडिओ केंद्रांचे वाजवण्याचे अहवाल एकत्र करून ती बने. नेमक्या किती प्रती विकल्या हे कुणी मोजत नसे. दुकानदार आपल्याकडे काय जास्त खपतंय त्याचा क्रम सांगत. काउंटरवर बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजण्याची पद्धत १९९१ मध्ये आली. तोवर सगळी मदार सांगणाऱ्याच्या शब्दावर. संपलेला माल, येऊ घातलेला माल, कंपनीच्या माणसाने केलेला आग्रह, सगळं त्या शब्दात मिसळलेलं असणार.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. 'बिनाका गीतमाला'ची पायदानंही दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांच्या मेळातूनच ठरत. आणि नकारातून दुसऱ्याचं घर भरायची गोष्ट तर आपल्याकडे आधीच घडून गेली होती. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज ऐकायला लोक सुया फिरवून सिलोन पकडत. मुंबईत मुद्रित झालेला कार्यक्रम कोलंबोहून परत मुंबईत ऐकायचा, असा तो उलटा प्रवास. केसकर मराठी, शास्त्रीय संगीताचे कळवळ्याचे रसिक. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण दार त्यांनी लावलं आणि गर्दी शेजारच्या दारात जमली, हे कॅपिटॉल आणि व्ही-जेसारखंच झालं.

वर्षाकडे परत येतो. ४ जानेवारी ते २६ डिसेंबर अशा बावन्न याद्या. वहीत बावन्न चौकोन आखून मी त्यात नावं भरली, तेव्हा तेवीस गाणी निघाली. बीटल्सची सहा, त्यांचे आठवडे अठरा. पीटर अँड गॉर्डन, ॲनिमल्स आणि मॅन्फ्रेड मॅन या इतर इंग्रजांचे सहा. म्हणजे चोवीस आठवडे इंग्लंडकडे आणि अठ्ठावीस अमेरिकेकडे! 'ब्रिटिश आक्रमण' हा शब्द ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्याहून हे बरंच वेगळं आहे. बीच बॉइज आपल्या पहिल्या अव्वल गाण्यासह नेमके ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, वर आले. डीन मार्टिनने बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट'ला खाली ढकललं. रॉय ऑर्बिसनचं 'ओह, प्रिटी वुमन' तीन आठवडे टिकलं.

पण मला थांबावंसं वाटतं डेट्रॉइटपाशी. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात मोटाउन या तबकड्यांच्या कंपनीचा स्टुडिओ होता. मेरी वेल्सचं 'माय गाय' मे महिन्यात दोन आठवडे पहिलं होतं. ऑगस्टमध्ये सुप्रीम्स आल्या. या तिघी कित्येक वर्षं गात होत्या आणि कंपनीतच त्यांना 'न चालणाऱ्या सुप्रीम्स' म्हणत. 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणं आधी मार्व्हलेट्स या गायिकांच्या गटाला देऊ केलं होतं आणि त्यांनी नाकारलं होतं. इथेही पुन्हा नकार! सुप्रीम्सनी ते काहीशा नाखुशीनेच गायलं, आणि त्यांची सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतली तीन याच वर्षात, सात आठवडे. मेरी वेल्सचे दोन धरून मोटाउनचे नऊ आठवडे झाले. हॉलंड-डोझिअर-हॉलंड या त्रयीने रचलेली सुप्रीम्सची ती गाणी ऐकताना पायाने जमिनीवर ठेका धरल्यासारखा जो आवाज येतो, तो लाकडी फळ्यांवर पाय आपटूनच काढलेला आहे.

आणि हे सगळं चालू असताना 'बिलबोर्ड'ने कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची वेगळी यादी, म्हणजे रिदम अँड ब्लूजची, बंद ठेवली होती. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत ती छापलीच गेली नाही. दोन्ही याद्यांत तीच ती गाणी दिसू लागली होती, हे त्याचं कारण सांगतात. परिणाम असा की त्या चौदा महिन्यांत शिकागोच्या दक्षिण भागात किंवा मेम्फिसमध्ये लोक स्वतःसाठी काय विकत घेत होते, याची 'बिलबोर्ड'कडे नोंद नाही. मोठ्या यादीत जे चढलं तेवढंच उरलं. अभ्यासकाला इथे फार हळहळ वाटते. बीटल्सच्या बारा गाण्यांचा एकेक क्रमांक आपल्याकडे आहे, आणि शेजारचं पान कोरं.

लेबलावरच्या बारीक अक्षरांची किंमत कळायला सप्टेंबरमधलं ॲनिमल्सचं गाणं पुरेसं आहे. 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे परंपरेने आलेलं लोकगीत. १८ मे १९६४ ला लंडनमध्ये ते एका दमात मुद्रित झालं, साडेचार मिनिटांचं. अमेरिकेत रेडिओसाठी ते कापून तीन मिनिटांच्या आत आणलं. हिल्टन व्हॅलेन्टाइनच्या गिटारच्या सुट्या सुरांनी ते सुरू होतं, आणि ती सुरुवात आज गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या बोटांत असते. पण चकतीवर त्या पारंपरिक गाण्याचा संयोजक म्हणून एकटा ऑर्गनवादक ॲलन प्राइस छापला गेला. पाच नावं तिथे मावणार नाहीत, असं तेव्हा सांगितलं गेल्याची हकीकत बँडमधल्या इतरांनी पुढे सांगितली. मानधनही एकाच्याच नावावर जात राहिलं. एका छोट्याशा कागदी चकतीवरून मित्र आयुष्यभरासाठी दुरावले.

आजच्या याद्यांशी तुलना करायची तर एकच गोष्ट पुरते. ५ नोव्हेंबर २०२२ च्या 'हॉट हंड्रेड'मध्ये पहिल्या दहाही जागा टेलर स्विफ्टकडे होत्या. आकड्यात हे १९६४ च्या दुप्पट. पण १९९८ पासून गाणं यादीत यायला ते सिंगल म्हणून विकलं गेलेलं असण्याची अट राहिली नाही, आणि आता फोनवर ऐकलेलंही मोजलं जातं. नवा अल्बम आला की पहिल्या आठवड्यात चाहते तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतात आणि सगळी गाणी एकदम चढतात. १९६४ च्या मुलीला पाच गाण्यांसाठी पाच वेळा पाकिटातले पैसे मोजावे लागत होते. दोन्ही विक्रम खरे आहेत, पण त्यांना एकाच मापाने मोजायला मी तयार नाही.

व्ही-जेचं पुढे काय झालं? एप्रिल १९६४ मध्येच कॅपिटॉलशी तडजोड झाली. हाती असलेली गाणी १५ ऑक्टोबरपर्यंत विकायची, मग ती कॅपिटॉलची. मुदत डोक्यावर घेऊन व्ही-जेने तीच गाणी उलटसुलट बांधून पुन्हा पुन्हा विकली. टॉलीवर 'लव्ह मी डू' काढलं, जे इंग्लंडात १९६२ मध्ये १७ व्या क्रमांकापुढे गेलं नव्हतं. अमेरिकेत ते ३० मेला पहिलं आलं. ऑक्टोबरात तर बीटल्स विरुद्ध फोर सीझन्स असा सामना लावल्यासारखा दोन तबकड्यांचा संच काढला. दोन्ही बाजूंची गाणी जुनीच, आणि फोर सीझन्स तोवर रॉयल्टीच्या भांडणातून कंपनी सोडून फिलिप्सकडे गेले होते. तिथे जुलैमध्ये त्यांचं 'रॅग डॉल' दोन आठवडे पहिलं राहिलं. ज्या दोन बँडनी व्ही-जेला मोठं केलं असतं ते दोन्ही एकाच वर्षी तिच्या हातून गेले. कार्टर आणि ब्रॅकन यांनी बीटल्सवर विश्वास ठेवला तेव्हा अमेरिकेत दुसरं कुणी ठेवत नव्हतं. हे इतिहासात जेवढं ठळक लिहायला हवं तेवढं लिहिलेलं मला आढळत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. १९६६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

वर्षाची शेवटची यादी २६ डिसेंबर १९६४ ची. बरोबर वर्षापूर्वी याच तारखेला कॅपिटॉलने घाईघाईने ती पहिली तबकडी दुकानांत पाठवली होती. आता पहिल्या क्रमांकावर बीटल्सचं 'आय फील फाइन', आणि नावाशेजारी बारीक अक्षरांत एकच लेबल, कॅपिटॉल.